भाड्याच्या गाडीतून आलेलं माहेर

मासेरू,
८ मे १९९४

प्रिय त्लालाने,

मिशनच्या शाळेत जूनच्या कडाक्याच्या थंडीत आपण धुतलेले मोजे रात्री दोरीवर टाकायचो आणि सकाळी ते फळीसारखे ताठ झालेले असायचे, आठवतं? एकदा तू तुझे दोन्ही मोजे चॅपेलच्या भिंतीला टेकवून उभे केलेस आणि सिस्टर मारी-आंज यांना म्हणालीस, "सिस्टर, माझे पाय आधीच प्रार्थनेला येऊन थांबलेत." सिस्टर रागावल्या नाहीत आणि हसल्याही नाहीत. पाठ फिरवून उभ्या राहिल्या, आणि त्यांचे खांदे हलत होते. मग आपण ते मोजे शेगडीपाशी नेले. ओल्या लोकरीचा तो वास, गोवऱ्यांचा धूर, बाहेर पांढरं झालेलं अंगण. परवा पाऊस पडून गेल्यावर एकाएकी तोच वास आला आणि तुला पत्र लिहायला बसले.

तुझ्या दिराचा निरोप बसवाल्याने आणून दिला. तुझ्या यजमानांना, तेबोहोंना, जाऊन जुलैअखेर वर्ष होतं, त्या शनिवारी तुझे सुतकाचे काळे कपडे उतरवायचे ठरलंय. नवे कपडे माहेरचे लागतात. आपल्या दोघींच्या आया, सख्ख्या बहिणी, दोघीही गेल्या. तुझा भाऊ खाणीच्या मुलखात पुरला गेला. मोजायला बसले तर तुझं माहेर म्हणून मी एकटीच उरले आहे.

तेव्हा मी येतेय. जुलैत बस ऑक्सबोच्या पुढे जात नाही हे मला ठाऊक आहे. बुथा-बुथेला एकजण बर्फात चालणाऱ्या गाड्या भाड्याने देतो म्हणतात. परवाना माझ्याकडे आहे, डोळेही आहेत. आयुष्यभर मुलांना भूगोल शिकवला, माहलासेला खिंड किती वेळा फळ्यावर काढली, पण ओलांडली मात्र एकदाही नाही. तू नेहमी खाली यायचीस, मी कधीच वर आले नाही.

तुझी,
आगाता

•

हा-लेबेको,
२२ मे

भूगोलाच्या बाई,

खोत्सो. शांती असो तुझ्या घरी.

फळ्यावरच्या खिंडीला थंडी नसते. इथली माहलासेला जुलैमध्ये माणसाला ओळखत नाही. मागच्या हिवाळ्यात दुकानदाराची पिकअप घसरली ती ऑगस्टपर्यंत दिसलीच नाही. दिसली तेव्हा तिच्या टपावर कावळे बसले होते. तू येऊ नकोस. गाठोडं बसने ऑक्सबोपर्यंत पाठव, पुढे कुणीतरी घोड्यावरून आणेल.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, ते त्या "त्लालाने"साठी. इथे मला त्या नावाने हाक मारणारं कुणी नाही. सासूबाई मातेबोहोंनी लग्नाच्या दिवशी ठेवलेलं नावच चालतं: मालेहलोआ, बर्फाची आई. नवरी बर्फातून आली म्हणून. आपल्यात नवरीला आईपण आधी देतात, मूल मागाहून येतं. माझ्या बाबतीत ते राहून गेलं. नाव मात्र इतकी वर्षं चालत राहिलं.

आणखी एक गोष्ट. लिहू की नको असं झालं होतं. माझा दीर त्सेपो परवा चहा पिताना म्हणाला, "वहिनी, कपडे माहेरचेच कशाला? माझ्या बायकोने शिवले तर अंगाला टोचतील का?" मी म्हटलं, "टोचणार नाहीत." तो म्हणाला, "झालं तर मग. ज्या घरचे कपडे, त्या घरचा शब्द. तुम्ही आमच्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत राहा, तुमचं घर माझ्या मुलाला होईल. त्याला बायको आणायचीय." वाईट माणूस नाही तो. सरळ आहे, बैलासारखा. मागच्या बाजूची खोली त्याने आत्ताच त्याच्या कडब्याने भरून टाकलीय.

माहेरचे कपडे अंगावर आले तर कुठे राहायचं ते माझं मी ठरवू शकते. पण म्हणून तू दरीत पडावंस असं नाही.

त्या भाड्याच्या गाड्यांमध्ये हीटर असतो का गं?

त्लालाने

•

मासेरू,
१९ जून

प्रिय त्लालाने,

"येऊ नकोस" म्हणतेस आणि पत्राच्या शेवटी हीटरची चौकशी करतेस. शाळेतही तू अशीच होतीस. "मला भूक नाही" म्हणायचीस आणि माझ्या ताटाकडे बघत राहायचीस.

बुथा-बुथेला जाऊन आले. गाडीवाल्याचं नाव मोखेथी. गोल माणूस, गोल टोपी, शेडमध्ये दोन पिकअप. मला पाहून म्हणाला, "म्मे, आई, तुमचं वय काय?"

मी म्हटलं, "आधी गाडीचं सांगा."

"गाडी तुमच्याहून तरुण आहे."

"मग तिला वडीलधाऱ्यांचं ऐकायची सवय असेल."

तो हसला, पण किल्ली देईना. त्याची एक रीत आहे. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी तो शेडमागच्या उतारावर बादल्यांनी पाणी ओततो. सकाळपर्यंत तिथे काच होते. गिऱ्हाइकाने त्या काचेवरून गाडी उतरवून दाखवायची, तो स्वतः खाली उभा राहणार. म्हणाला, "ज्याला मला चिरडायची भीती वाटते तो ब्रेक दाबतो. ब्रेक दाबला की गाडी आडवी. मग मी त्याला बसचं तिकीट काढून देतो."

मी पहिल्या गिअरमध्ये टाकली, पाय उचलून घेतला आणि प्रार्थना म्हणायला लागले. सिस्टर मारी-आंज यांनी मिशनच्या जुन्या जीपवर मला हेच शिकवलं होतं. त्या क्वेबेकच्या, बर्फात वाढलेल्या. "बर्फाशी वाद घालायचा नाही, आगाता. आपलं म्हणणं हळू सांगायचं आणि वाट बघायची." मी इतकी हळू उतरले की मोखेथीला मध्येच जांभई आली.

"कुणी शिकवलं?"

"एका ननने."

"मग गाडीही तिच्याकडूनच आणायची." पण गाडी त्याने राखून ठेवली. चाकांच्या साखळ्या देणार आहे, फावडं देणार आहे, आणि मागचा भाग जड राहावा म्हणून मक्याच्या पिठाची पोती. ती तुमच्याकडच्या दुकानात उतरवायची. "गाडीचं भाडं तुम्ही द्यायचं, पिठाचं दुकानदार देणार," तो म्हणाला, आणि स्वतःच्या हुशारीवर इतका खूश झाला की मला राग आला नाही.

बाजूच्या सीटची स्प्रिंग वर आली होती. त्याच्या बायकोला सांगून मी तिथे उशी शिवून घेतली आहे. खालचा रस्ता लांबचा आहे आणि तुझी कंबर जुनी.

माझ्या घरातल्या मागच्या खोलीला तुझ्यासाठी पिवळा रंग दिला. सकाळचं ऊन तिथे आधी येतं. खिडकीतून चर्चचं पीचचं झाड दिसतं.

कपडेही घेतले. निळ्या छापाचा झगा, डोक्याचा रुमाल, बूट, आणि लोकरीचे मोजे. ब्लँकेट मात्र दुकानात पाहिल्याबरोबर घेतलं, दुसरं उलगडूच दिलं नाही. रंग सांगत नाही.

आगाता

•

हा-लेबेको,
१० जुलै

आगाता,

काल बर्फ पडलं. पहाटे उठले तर आवाज नव्हता. कोंबड्याचा नाही, ओढ्याचा नाही. दार उघडलं आणि अंगणच गेलेलं. आपल्या गावाच्या जागी कुणीतरी झोपलेल्या गावाचं स्वप्न ठेवून गेलंय असं वाटलं. गोठ्याची भिंत तेवढी गुडघ्याइतकी वर होती. तिच्यावर ऊन आलं तेव्हा सगळं आधी निळं झालं, मग गुलाबी. मी शाल घेऊन तशीच उभी राहिले. अशा दिवशी मला फार जवळचं कुणीतरी इथेच आहे असं वाटतं. ते जाऊ दे.

सासूबाईंना तुझ्याबद्दल सांगितलं. त्या आता बसूनच असतात, पण कान शाबूत आहेत. विचारलं, "येणारी बाई गाडीत झोपू शकते का?" मी म्हटलं, "ती चर्चमध्ये झोपायची." त्या म्हणाल्या, "मग येईल."

शनिवार तीस तारीख पक्की झाली. मेंढा ठरला, ज्वारीची दारू घातली. त्सेपोच्या बायकोने झगा शिवून ठेवलाय, तपकिरी. चांगला शिवलाय, खोटं कशाला बोलू. रीत अशी की गोठ्याच्या भिंतीवरून ऊन उतरायच्या आत कपडे बदलले पाहिजेत. तोपर्यंत तुझी गाडी दिसली नाही तर मी तो तपकिरी झगा घालीन. तुझ्यावर रागावणार नाही. एवढं मनाशी ठरव आणि मगच निघ: मी रागावणार नाही.

आणि काळा चश्मा आण. बर्फावरचं ऊन डोळे खातं.

त्या पिवळ्या खोलीबद्दल काय लिहू ते सुचत नाही.

त्लालाने

•

ऑक्सबो,
२८ जुलै, गुरुवार

प्रिय त्लालाने,

मोतेंग खिंड चढून आले. वळणं कसली, एखाद्या बाईने वेणी घालता घालता विसरून जावं तशी. साखळ्या चाकांवर खुळखुळत होत्या. मी जपमाळ आरशाला अडकवली होती आणि ती त्यांच्या तालावर हलत होती. वर आल्यावर धुकं. पांढऱ्यावर पांढरं. काही वेळ मला गाडी पुढे जातेय की डोंगर मागे सरकतोय ते कळेना. भीती वाटायला हवी होती. पण मला वाटत होतं की बाजूच्या सीटवर कुणीतरी शाळकरी मुलगी बसली आहे, मोजे मांडीवर घेऊन.

पण पुढे फाटक बंद आहे. माहलासेलावर परत बर्फ पडलंय. पोलीस म्हणतो, "म्मे, रस्ता साफ करणारं यंत्र आलं की उघडू." यंत्र कधी येणार? "ते आलं की कळेल."

इथल्या दुकानात शेकायला बसले आहे. एक घोडेस्वार तुमच्या बाजूला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र. तो म्हणाला, "पत्र कशाला, गाठोडंच द्या की. मी उद्या दुपारी पोचवतो. बाईंचं काम होऊन जाईल." खरं सांगते, मी गाठोडं उचललंही होतं. मग दुकानातली म्हातारी शेगडीत गोवरी सरकवत, माझ्याकडे न बघताच म्हणाली, "एकटे आलेले कपडे म्हणजे पार्सल. माहेर पायांनी येतं."

त्लालाने, मी गाठोडं परत घेतलं. बरोबर केलं की चूक, ते मला कळत नाही. फाटक उघडलं नाही तर माझ्या हट्टापायी तुझ्या अंगावर तपकिरी झगा येईल आणि त्याबरोबर सगळं आयुष्य. रागावणार नाहीस म्हणतेस, पण मी माझ्यावर रागावीन.

मी फाटकापाशी गाडी लावून बसते. पहिली गाडी माझी असेल.

आगाता

•

बुथा-बुथे,
२ ऑगस्ट

प्रिय त्लालाने,

गाडी परत केली. मोखेथीने तिच्याभोवती दोनदा फेरी मारली, ठोकल्याची खूण शोधली, सापडली नाही, तेव्हा जरा हिरमुसला. "एक साखळी कमी आहे," म्हणाला. तुमच्या उतारावर कुठेतरी तुटली असेल.

तुला लिहायचं होतं ते वेगळंच. शनिवारी सकाळी ते यंत्र आलं आणि मी त्याच्या मागे मागे निघाले. माथ्यावर ते थांबलं. पुढचा उतार माझा एकटीचा होता. मध्ये गाडी घसरली. आवाज न करता, झोपेत कूस बदलावी तशी. मी पाय उचलला. ती फिरली, दरीकडे तोंड करून क्षणभर थांबली, मग तिच्या मनात काय आलं कोण जाणे, पोत्यांच्या वजनाने मागे रेलून बर्फाच्या ढिगात टेकली. फावड्याने तिला मोकळी करता करता मला सिस्टरांचे हलणारे खांदे आठवत होते.

मग वळणावरून तुमचं गाव दिसलं. भिंतीवर माणसं उभी होती, आणि भिंतीवर ऊन अजून होतं.

गाडी ओढ्यापाशी ठेवून, गाठोडं डोक्यावर घेऊन मी चढून आले. बायकांनी जिभा हलवत आनंदाचा तो लांब स्वर काढला. त्सेपोची बायको हातात तपकिरी झगा घेऊन उभी होती. तिने मुकाट्याने त्याची घडी घातली. तुला आत नेलं, काळे कपडे उतरले, निळा झगा आला, मोजे आले. तोपर्यंत सगळं ठीक. मग मी ब्लँकेट उलगडलं आणि बायका गप्प झाल्या. कुणी माझ्याकडे बघेना. तुझ्या सासूबाई भिंत धरून उठल्या, हळू आवाजात काहीतरी बोलल्या, ते मला ऐकू आलं नाही. त्यांनी स्वतः ते तुझ्या खांद्यावर घातलं आणि छातीपाशी पिन लावली. बायका रडू लागल्या. तूही.

मी काय केलं, त्लालाने? मी लग्न न झालेली, नन्सच्या हाताखाली वाढलेली बाई. दुकानात लाल काठांचं, कणसांचं ते ब्लँकेट मला सगळ्यांत सुंदर वाटलं, म्हणून घेतलं. त्यात काही अपशकुन होता का?

आणि दुसऱ्या दिवशी गाडीचं दार उघडून मी म्हटलं, "बस." तू उशी हाताने दाबून पाहिलीस. म्हणालीस, "चांगली मऊ आहे." आणि दार बाहेरून लावून घेतलंस. मी विचारलं नाही. पण सगळ्या वाटेत त्या सीटवर फक्त तू दिलेलं सुक्या पीचचं बोचकं होतं, आणि प्रत्येक वळणावर ते माझ्याकडे कलंडत होतं.

आगाता

•

हा-लेबेको,
१४ ऑगस्ट

माझी आगाता,

अपशकुन नाही. ऐक.

ते ब्लँकेट नवरा बायकोला देतो. पहिलं मूल झालं की. ते विकत घेणारा पुरुष दुकानातून छाती काढून बाहेर येतो. इथल्या लहान पोरीलाही ते माहीत असतं. खाली शहरात, त्यातून आपल्या नन्समध्ये, तुला कोण सांगणार? एका विधवेला, मूल नसलेल्या बाईला, साऱ्या गावासमोर तू पहिलटकरणीचं ब्लँकेट दिलंस.

आता मी तुला कधी न लिहिलेली गोष्ट सांगते. लग्नाच्या दुसऱ्या हिवाळ्यात मला मुलगी झाली. दिवस भरायच्या आधी, अशाच बर्फात. तेबोहो घोडा घेऊन गाडी आणायला गेले. दवाखाना माहलासेलाच्या पलीकडे होता आणि खिंड बंद होती. ते फाटकापाशी दिवसभर उभे राहिले. मुलगी गोठ्याच्या भिंतीवरचं ऊन उतरेपर्यंत होती. सासूबाईंनी तिला कुशीत धरलं होतं. आमच्यात तान्ह्या बाळाला दूर नेत नाहीत, घराच्या आडोशालाच ठेवतात. ती मागच्या खोलीच्या भिंतीलगत आहे, जिथे त्सेपोने कडबा रचला होता. त्याला ठाऊक नव्हतं, तेव्हा तो गुरं राखायला दुसऱ्या डोंगरावर होता. तिचं नाव ठेवायचं कारणच नव्हतं, ते आधीच ठेवलेलं होतं. लेहलोआ, बर्फ. त्यानंतर कुणी ब्लँकेटचा विषय काढला नाही, तेबोहोंनीही नाही. मला काही झालंच नव्हतं असं साऱ्यांनी मिळून, प्रेमानेच, ठरवलं.

सासूबाई त्या दिवशी काय म्हणाल्या ते सांगते. त्या म्हणाल्या, "गप्प काय बसलात? नाव मी दिलं होतं, ब्लँकेट मागून येत होतं. रस्ता बंद होता."

म्हणून मी गाडीत बसले नाही. तुझ्या कपड्यांनी मला कुठेही जायची मोकळीक दिली, आणि मोकळी झाल्याबरोबर मला कळलं की मला इथेच राहायचंय. त्सेपोने रविवारीच कडबा हलवला. सासूबाईंनी आदल्या रात्री त्याला सगळं सांगितलं होतं, पण कडबा हलव असं कुणी म्हटलं नाही. घाम पुसत म्हणाला, "वहिनी, पोराला मी वरच्या बाजूला घर बांधून देतो. दगडाला काय तोटा आहे." मग बराच वेळ त्या भिंतीकडे बघत उभा राहिला, बैलासारखा.

आता कुणाला काय द्यायचं ते लिहिते. भूगोलाच्या बाई, नीट लक्षात ठेव.

हे पत्र आणणाऱ्याकडे मोखेथींची साखळी दिली आहे. ओढ्याच्या वळणावर सापडली. ती त्यांच्याच हातात दे, नाहीतर पुढच्या गिऱ्हाइकाला ती गोष्ट ऐकावी लागेल.

सुक्या पीचमधले अर्धे तुझे, अर्धे त्यांच्या बायकोला, उशीसाठी. ती उशी सीटवर राहू दे. पुढच्या जुलैत मी बसेन, आठवडाभरासाठी. न्यायला तूच ये.

पिवळ्या खोलीत डोंगराकडून शिकायला आलेली एखादी मुलगी ठेव. मात्र रडकी नको.

तेबोहोंचं खोगीर त्सेपोच्या मुलाला दिलं. तपकिरी झगा माझ्याकडेच आहे. रविवारी चर्चला तोच घालते, तेव्हा त्सेपोची बायको मान ताठ करून चालते. निळा सणाला.

माझ्यानंतर मोजे तुला. तू आधी गेलीस तर माझे मला.

आणि ब्लँकेट. ते माझ्याबरोबर मातीत घालू नका. सासूबाईंना आणि त्सेपोला सांगून ठेवलंय, तुलाही सांगते. या गावात, बर्फ पडत असताना जी कुणी पहिल्यांदा बाळंत होईल, तिच्या अंगावर ते घाला. तिच्या नवऱ्याला दुकानापर्यंत जाता आलं नसेल. मुलगा असो वा मुलगी, काय नाव ठेवायचं म्हणून कुणी विचार करत बसू नका. नाव तयार आहे.

त्लालाने,
लेहलोआची आई